बंदुकीची दारू पोटात गेली तर?

प्रश्न : आमच्या गावातील पुष्कळ घरांत दोन-तीन पिढ्यांनी सैन्यात नोकरी केली आहे. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. तोफखान्यातील काही शिपाई कॉर्डाइटचा तुकडा चघळत, त्यामुळे अंग तापे, छाती धडधडू लागे आणि डॉक्टर त्यांना आजारी ठरवून कामातून सूट देत, असे ते सांगत. गावातील एक जुने शिकारी आपल्या कुत्र्याला भाकरीतून चिमूटभर बंदुकीची दारू देत आणि ‘याने कुत्रे तिखट होते’ असे म्हणत. हे सारे मी गंमत म्हणून ऐकत आलो; परंतु गेल्या दिवाळीत माझ्या चार वर्षांच्या पुतण्याने न फुटलेला फटाका सोलून आतली भुकटी चाटली, तेव्हा घरातील एका वडीलधाऱ्यांनी ‘काही होत नाही, पूर्वी लोक ही औषध म्हणून घेत’ असे सांगून सर्वांना गप्प केले. मुलाला सुदैवाने काही झाले नाही. तरीही विचारावेसे वाटते की या सांगण्यात तथ्य किती आणि धोका किती? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपण सांगितलेल्या तिन्ही गोष्टींत ‘दारू’ हा एकच शब्द येत असला, तरी तिन्ही ठिकाणचा पदार्थ वेगळा आहे, आणि आपल्या वडीलधाऱ्यांची चूक नेमकी येथेच झाली. शिकाऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीतील काळी दारू, आजोबांच्या तोफेतील कॉर्डाइट आणि पुतण्याच्या हाती लागलेली फटाक्याची भुकटी यांचे पोटातील परिणाम एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. पहिलीविषयी जे म्हटले गेले ते तिसरीला लावणे म्हणजे गुळवेल औषधी आहे म्हणून कोणताही वेल चावून खाण्यासारखे आहे.

‘पूर्वी लोक औषध म्हणून घेत’ हे विधान मात्र अगदीच निराधार नाही. फारसीत ‘दारू’ या शब्दाचा मूळ अर्थच औषध असा आहे. आपल्या ‘दवादारू’त तो अजून टिकून आहे, आणि मद्य व स्फोटक हे अर्थ त्यावर पुढे चढले. चिनी भाषेतही या मिश्रणाला ‘अग्नि-औषध’ अशा अर्थाचे नाव आहे. शोरा हा क्षार आणि गंधक हे पदार्थ तेथील किमयागारांच्या परिचयाचे होते ते आयुष्य वाढवणाऱ्या रसायनांच्या शोधामुळे, आणि त्याच खटपटीतून नवव्या शतकाच्या सुमारास हे पेटणारे मिश्रण हाती आले. १५९६ साली छापून झालेल्या ली शिझेन यांच्या प्रसिद्ध औषधीग्रंथात बंदुकीच्या दारूचा समावेश नायटे, फोड आणि कृमी यांवरील द्रव्यांत केलेला आहे. सतराव्या शतकात पोलंडच्या राजाच्या चाकरीत असलेल्या बोप्लाँ या फ्रेंच अभियंत्याने युक्रेनमधील कोसॅक लोकांविषयी लिहिताना नोंदवले आहे की, ताप आला म्हणजे ते बंदुकीच्या अर्ध्या बाराइतकी दारू मद्यात कालवून पीत व झोपी जात. सकाळी उठल्यावर त्यांना बरे वाटे म्हणतात. त्यात मद्याचा, झोपेचा आणि बंदुकीच्या दारूचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

औषधाखेरीज नाइलाज म्हणूनही ती पोटात गेली आहे. मे १८०९ मध्ये ॲस्पर्नच्या लढाईनंतर नेपोलियनचे जखमी सैनिक डॅन्यूब नदीतील लोबाऊ बेटावर अडकले, तेव्हा शल्यवैद्य लारे यांनी मेलेल्या घोड्यांच्या मांसाचा रस्सा घोडेस्वारांच्या चिलखतांत शिजवला आणि मीठ नव्हते म्हणून त्यात बंदुकीची दारू घातली. शोऱ्याची चव खारट आणि जिभेला थंड लागणारी असते, एवढाच त्यामागचा आधार. आपल्याकडे १८५७ च्या काडतुसांविषयी बोलताना सर्वांचे लक्ष गायीच्या व डुकराच्या चरबीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कागदी काडतूस दातांनी फाडणाऱ्या त्या काळच्या कोणत्याही शिपायाच्या तोंडात प्रत्येक बारागणिक थोडी दारूही जात असे, आणि लढाईत घशाला कोरड पडण्याचे ते एक ठरलेले कारण होते. (पुढे त्याच वर्षी काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याची कवायत इंग्रजांनी सुरू केली, पण तोवर फार उशीर झाला होता.)

या जुन्या काळ्या दारूत साधारणपणे शंभरात ७५ भाग शोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. कोळसा पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. गंधकाने फार तर जुलाब होतात. खरा प्रश्न शोऱ्याचा आहे. तो आतड्याच्या अस्तराला झोंबतो, त्यामुळे मळमळ, उलट्या आणि पोटात कळा येतात. त्यातील पोटॅशियम मूत्रपिंडे दुबळी असलेल्या माणसाच्या रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडवू शकते. शिवाय तोंडातील व आतड्यातील जंतू नायट्रेटचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात, आणि हे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला असे बदलून टाकते की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. ओठ व नखे निळसर पडतात, रक्त चॉकलेटच्या रंगाचे दिसते, धाप लागते आणि भोवळ येते. सहा महिन्यांच्या आतील बाळांना हा धोका सर्वाधिक असतो. नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पाजल्यानेही अशी बाळे निळी पडलेली आहेत. कोसॅक वाचले याचा अर्थ त्यांचे औषध गुणकारी होते असा नाही. एका वेळच्या मात्रेत धडधाकट माणसाला मारण्याइतका शोरा नव्हता, एवढाच तो आहे.

येथे एक शंका येईल, कारण आयुर्वेदातील रसशास्त्रातही, म्हणजे खनिज औषधांच्या शाखेतही, कलमी शोरा आहे. लघवीच्या तक्रारींवर दिली जाणारी श्वेत पर्पटी शोरा, तुरटी आणि नवसागर यांपासून बनते, आणि शुद्ध गंधक तर अनेक कल्पांत असतो. परंतु ती द्रव्ये शोधन करून, मोजून आणि रुग्ण पाहून दिली जातात. काडतुसातून हातावर ओतून घेतलेल्या चिमटीला यांपैकी कशाचाच आधार नसतो.

आता आजोबांच्या गोष्टीकडे वळतो, कारण ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती बहुतांशी खरी आहे. कॉर्डाइट ही काळी दारू नव्हेच. १८८९ मध्ये ब्रिटिशांनी तयार केलेल्या पहिल्या प्रकारात शंभरात ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस आणि ५ भाग व्हॅसलीन असे मिश्रण होते, आणि ते दोरीसारख्या कांड्यांच्या रूपात मिळे. पुढे प्रमाणे बदलली, तरी नायट्रोग्लिसरीन राहिले. हेच द्रव्य छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीत अतिशय अल्प मात्रेत असते. ते रक्तवाहिन्या सैल करते, रक्तदाब उतरतो, त्याची भरपाई करण्यासाठी हृदय भराभर धावू लागते, चेहरा लाल होतो आणि डोके ठणकू लागते. खरा ताप येतो असे मी म्हणणार नाही. पण घाईत नाडी पाहणाऱ्या डॉक्टरला हे चित्र आजाऱ्याचे वाटणे अगदी शक्य आहे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या काळानंतर ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी सैनिकांच्या या खोडीची नोंदही केली.

आजोबांनी ‘चघळत’ असा शब्द वापरला, तो फार नेमका आहे. नायट्रोग्लिसरीन गिळले तर त्याचा बराचसा भाग यकृतातच मोडतो, तर तोंडाच्या अस्तरातून ते थेट रक्तात उतरते. गोळी गिळायची नाही, जिभेखाली ठेवायची, असे डॉक्टर बजावतात ते याच कारणाने. शिपायांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, अनुभवाने शोधले होते. मात्र औषधाच्या गोळीत मात्रा मिलिग्रॅमच्याही अंशात ठरलेली असते, आणि कॉर्डाइटच्या तुकड्यात ती किती आहे हे चघळणाऱ्याला कळण्याची सोय नसते. रक्तदाब एकदम कोसळून बेशुद्धी आणि मृत्यूही येऊ शकतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांनी पैजेखातर किंवा नशेसाठी सी-४ नावाचे स्फोटक खाल्ले, तेव्हा तर परिणाम निराळाच दिसला : त्यातील आरडीएक्स या स्फोटक द्रव्यामुळे त्यांना अपस्मारासारखे झटके आले आणि काहींच्या मूत्रपिंडांवरही परिणाम झाला. म्हणजे नव्या पिढीच्या ‘दारू’ने जुन्या पिढीची युक्ती फोल ठरवली.

कुत्र्याविषयीची समजूत आपल्या गावापुरती नाही. दारू खाऊ घातल्याने कुत्रे आक्रमक होते ही समजूत इंग्लंड-अमेरिकेतही जुनी आहे, आणि सिएरा लिओनच्या यादवीत बालसैनिकांना कोकेनमध्ये बंदुकीची दारू मिसळून देत असल्याच्या हकिकती त्या मुलांनीच मोठेपणी सांगितल्या आहेत. तेथे काम करीत होते ते कोकेन. दारूचे नाव होते ते धाक आणि दिमाख यांसाठी. शोरा, गंधक आणि कोळसा यांत मेंदूला चेतवणारे काहीही नाही. पोटात आग पडलेले, मळमळणारे जनावर हात लावू देत नाही, अंगावर गुरगुरते, आणि मालक त्यालाच ‘तिखट’ म्हणतो, असा माझा तर्क आहे. आजच्या काडतुसांत मुळात काळी दारू नसून नायट्रोसेल्युलोजची (गनकॉटनच्याच जातीच्या द्रव्याची), कित्येकदा नायट्रोग्लिसरीनयुक्त दारू असते. आणि आरडीएक्सचे प्लास्टिक स्फोटक पोटात गेलेल्या, स्फोटके हुंगणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांना झटके आल्याची उदाहरणे पशुवैद्यकात आहेत. आपले शिकारी काका अजून हे करीत असतील, तर त्यांना थांबवावे. रानडुकरांसाठी खाद्यात गुंडाळून ठेवलेल्या गावठी बॉम्बचा विषय वेगळा आहे, कारण तेथे विषबाधेचा प्रश्नच उरत नाही, तोंडातच स्फोट होतो. २०२० साली केरळात एक गाभण हत्तीण अशाच स्फोटकाने जबडा फुटून मेली.

पुतण्याच्या बाबतीत मात्र मी आपल्या वडीलधाऱ्यांशी पूर्ण असहमत आहे. फटाक्यात केवळ शोरा-गंधक-कोळसा असेल असे धरून चालता येत नाही. टिकल्यांत पोटॅशियम क्लोरेट असते; ते शोऱ्यापेक्षा कितीतरी विषारी आहे, कारण ते हिमोग्लोबिन बिघडवून थांबत नाही, तांबड्या पेशी फोडते आणि मूत्रपिंडे निकामी करते. फुलबाज्यांत व हिरव्या प्रकाशाच्या फटाक्यांत बेरियम नायट्रेट वापरले जाई. पोटात गेलेले बेरियम रक्तातील पोटॅशियम पेशींत ढकलते. उलट्या-जुलाबांनंतर हातपाय लुळे पडू लागतात, हृदयाची लय चुकते आणि श्वासाचे स्नायूही थकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांतील बेरियम क्षारांवर बंदी घातली, तरी हाती आलेल्या प्रत्येक फटाक्याने ती पाळली आहे असे समजू नये. या दोन्ही विषबाधांत पहिले काही तास मूल बरे दिसू शकते, म्हणून ‘बघा, काही झाले नाही’ हे पहिल्या तासाचे प्रमाणपत्र निरुपयोगी आहे.

असे पुन्हा घडल्यास मुलाच्या तोंडातील भुकटी ओल्या फडक्याने पुसून काढावी, साध्या पाण्याने चूळ भरायला लावावी आणि मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. फटाक्याचे उरलेले तुकडे व वेष्टन सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. गरज वाटल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी. डॉक्टरांना ‘दारू प्यायला’ असे न सांगता ‘फटाक्यातील भुकटी खाल्ली’ असे स्पष्ट सांगावे. या शब्दाच्या दोन अर्थांमुळे तपासणीच्या टेबलावर वेळ गेलेला मी पाहिला आहे. हृदयाचा आलेख आणि रक्तातील पोटॅशियम पाहून उपचार ठरतो. नायट्रेटने निळ्या पडलेल्या रुग्णाला शिरेतून मिथिलीन ब्ल्यू हे औषध देतात व तो बहुधा लवकर सुधारतो. क्लोरेटच्या बाबतीत त्याचा उपयोग भरवशाचा नाही, म्हणूनच वेष्टन सोबत हवे.

प्रश्न : दात शिवशिवतात म्हणून घेतलेल्या टूथपेस्टवर पोटॅशियम नायट्रेट असे लिहिले आहे. हाच बंदुकीच्या दारूतील शोरा काय? रोज वापरणे सुरक्षित आहे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय, पदार्थ तोच आहे. अशा पेस्टमध्ये तो सहसा शंभरात ५ भाग असतो आणि त्यातील पोटॅशियम दाताच्या मज्जातंतूची शिवशिव मंदावते. ब्रशवर घेतलेल्या पेस्टमध्ये तो ग्रॅमच्या काही शतांशांइतकाच येतो, आणि पेस्ट आपण थुंकून टाकतो. त्यामुळे प्रौढ व्यक्तीने ती वापरण्यास हरकत नाही. मूत्रपिंडाचा आजार असल्यास दंतवैद्याला तसे सांगून ठेवावे, आणि लहान मुलांना ही पेस्ट त्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.