‘कोजंट’ युक्तिवाद म्हणजे नेमका कसा?

प्रश्न : इंग्रजी अग्रलेखांत ‘कोजंट आर्ग्युमेंट’ हा प्रयोग वारंवार आढळतो. शब्दकोशात ‘पटण्याजोगा’ एवढाच अर्थ मिळतो. मग ‘पर्सुएसिव्ह’ आणि ‘कन्व्हिन्सिंग’ यांहून तो वेगळा कसा, आणि माणसाबद्दल हे विशेषण वापरता येते का?

उत्तर : या शब्दाचे स्पेलिंग सी-ओ-जी-ई-एन-टी असे असून त्यातील ‘जी’चा उच्चार ‘ज’ होतो. त्याचे मूळ ‘कोगेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे. ‘को’ म्हणजे एकत्र आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे; त्यामुळे एकत्र हाकून आणणे आणि त्यावरून भाग पाडणे, असा या क्रियापदाचा अर्थ झाला. सतराव्या शतकात हे विशेषण इंग्रजीत आले, तरी भाग पाडण्याची छटा त्याने आजही सोडलेली नाही. ज्या युक्तिवादातील कारणे एकमेकांना अशी बांधलेली असतात, की विचार करणाऱ्याला निष्कर्ष मान्य करण्यावाचून वाट उरत नाही, तो कोजंट.

‘पर्सुएसिव्ह’चे नाते मन वळवण्याशी आहे. मन भावनेला हात घालूनही वळते. एखादी जाहिरात एकही कारण न देता पर्सुएसिव्ह ठरू शकते, कोजंट मात्र कधीच नाही. ‘कन्व्हिन्सिंग’मध्ये ऐकणाऱ्याची खात्री पटणे महत्त्वाचे असते. म्हणून थाप कन्व्हिन्सिंग असू शकते, नटाचा अभिनयही असू शकतो. पण ‘कोजंट थाप’ असे इंग्रजीत कोणी म्हणणार नाही. तर्कशास्त्रात तर ही अट अधिकच काटेकोर आहे : विगमनावर, म्हणजे उदाहरणांवरून संभाव्य निष्कर्ष काढण्याच्या पद्धतीवर, आधारलेला युक्तिवाद सबळ असावा आणि त्याची आधारविधानेही सत्य असावीत, तरच तो कोजंट.

मराठीत ‘मुद्देसूद’ हा प्रतिशब्द अनेक जण योजतात, तो मला अपुरा वाटतो, कारण तो मांडणीबद्दल बोलतो, बळाबद्दल नाही. ‘बिनतोड’ थोडा पुढे जातो, कारण कोजंट युक्तिवादालाही उत्तर असू शकते. ‘सबळ आणि सयुक्तिक’ ही जोडी मूळ अर्थाच्या सर्वांत जवळची आहे.

माणसाबद्दल हा शब्द क्वचितच येतो. युक्तिवाद, कारण, पुरावा, टीका यांनाच तो शोभतो. वक्त्याचे कौतुक करायचे असेल, तर त्याने आपली बाजू ‘कोजंटली’ मांडली असे क्रियाविशेषण वापरावे, किंवा त्याच्या युक्तिवादाची ‘कोजन्सी’ वाखाणावी.