साडेचारला गाडी थांबव

प्रिय मुली,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. तासभर बोलली, त्यातली पन्नास मिनिटं तुझ्यावर. म्युनिकहून भाड्याची गाडी घेऊन तू एकटी इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांकडे निघणार, हे कळल्यापासून तिला झोप नाही म्हणे. मी म्हटलं, ‘अगं, जी पोरगी पुण्यात संध्याकाळी सहाला कर्वे रोडवरून गाडी काढते, तिला तिथले रस्ते काय घाबरवणार?’ हे झालं तिच्या समाधानासाठी. तुला मात्र खरं सांगते. गाडी चालवण्याचं काही नाही. दिवसभर एकटीनं चालवून झाल्यावर रात्री कुठे टेकायचं, हे अवघड. हातपाय थकायच्या आधी डोकं थकतं, आणि शेजारी नकाशा धरून वाद घालायला कुणी नसतं.

माझ्यावर ही वेळ आली ३ ऑक्टोबर २०१४ला. शुक्रवार होता. जर्मनीच्या एकीकरणाची त्या दिवशी सुट्टी असते, हे मला ठाऊक होतं. पण ती शुक्रवारी आली की म्युनिककर ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवरची ब्रेनर खिंड ओलांडून दक्षिणेला पळतात, हे डोक्यातच आलं नाही. त्यात ऑक्टोबरात तिकडे ‘टोर्गेलेन’ सुरू असतं. शेतकऱ्याच्या घरी जायचं, भाजलेले चेस्टनट खायचे, नवी वाइन प्यायची. आपल्याकडची हुरडा पार्टीच म्हण. खिंडीपलीकडच्या क्लाउझन गावात पोचेपर्यंत सहा वाजून गेले. चार ठिकाणी विचारलं, चारही भरलेली. एकानं वरच्या गावाकडे बोट दाखवलं म्हणून अंधारात अरुंद रस्त्यानं वर गेले. तिथंही नन्नाच. गाडी वळवताना उजवा आरसा भिंतीला लागला आणि डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. चूक माझीच. नऊच्या सुमाराला बोल्झानो शहराबाहेर, कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका हॉटेलात खोली मिळाली, तीही आरामात, कारण अर्धं हॉटेल रिकामं होतं. ही युक्ती लक्षात ठेव. असली हॉटेलं कामाला येणाऱ्यांवर चालतात, त्यामुळे शुक्रवार-शनिवारी ओस असतात. (मोठं प्रदर्शन भरलेलं असेल तर मात्र उलटं.) खिडकीतून डोंगराऐवजी गोदाम दिसतं, पण गाडी डोळ्यांसमोर राहते आणि काउंटरवर उशिरापर्यंत माणूस असतो.

आता तुझा दिवस. म्युनिक ते बोल्झानो साधारण २८० किलोमीटर. फोन तीन-सव्वातीन तास सांगेल, तू पाच धर. ऑस्ट्रियात शिरल्यावर इन नदीच्या खोऱ्यातला हायवे मस्त रुंद आहे, पण हवेच्या प्रदूषणामुळे वेग १००वर बांधलेला आहे आणि कॅमेरे आहेत. जर्मनीतून एकशे तीसनं आलेला पाय तिथे फसतो. हायवेचा पास, म्हणजे ‘व्हिन्येट’, ऑनलाइन काढ. पण गाडीचा नंबर हातात आल्यावरच. इन्सब्रुक ते ब्रेनरचा टोल त्या पासात येत नाही, वेगळा भरावा लागतो. टोल वाचवायचा तर जुना ब्रेनर रस्ता आहे, गावागावांतून जाणारा. मी तो पैशांसाठी नाही, पुलासाठी घेते. १९६३मध्ये खुला झालेला युरोपा पूल वरून जाताना कळतसुद्धा नाही. खालून मान मागे टाकून बघशील तेव्हा ती १९० मीटर उंची पोटात जाणवते. फक्त गर्दीच्या शनिवार-रविवारी नुसत्या पुढे जाणाऱ्या गाड्यांना हायवेवरून तिथे उतरू देत नाहीत, तेव्हा हट्ट करू नकोस.

डाव्या बाजूच्या स्टेअरिंगची सवय अर्ध्या दिवसात होते. इंडिकेटर डाव्या हाताला असतो, त्यामुळे पहिले दोन तास तू प्रत्येक वळणावर वायपर चालवशील. कोरड्या काचेवरचा तो करकर आवाज ऐकून मागचा जर्मन काय समजायचं ते समजतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच तसं निवड, न निवडता साधारणपणे गिअरची गाडीच येते. चूक होते ती गर्दीत नाही, रिकाम्या रस्त्यावर. सकाळी पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना समोर एकही गाडी नसते आणि आपण सवयीनं डावीकडे शिरतो. म्हणून मी निघताना मोठ्यानं म्हणते, ‘रस्त्याची मधली रेघ माझ्या खांद्याशी.’ आपण एकटेच असतो, लाजायचं कुणाला? दुसरं, गाडीची उजवी बाजू लांब असते आणि तिचा अंदाज येत नाही. माझ्या आरशाचं तेच झालं.

पंपाचं निघालंच आहे तर एक मोठा खड्डा सांगून ठेवते. इटलीत पंपावर ‘गासोलिओ’ लिहिलेलं दिसेल. वाचून वाटतं पेट्रोल. ते डिझेल! पेट्रोल म्हणजे ‘बेंझिना’. गाडी ताब्यात घेतानाच टाकीच्या झाकणाच्या आतला फोटो काढ. तिथे गोलात ई५ किंवा ई१० असेल तर पेट्रोल, चौकोनात बी७ असेल तर डिझेल. तीच खूण पंपाच्या नोझलवर असते. जमलं तर टाकी ऑस्ट्रियातच भर, तिथे बहुधा स्वस्त पडतं, पण हायवेवरच्या पंपावर नको.

परवाना, क्रेडिट कार्ड वगैरे तू बघशीलच. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट घे आणि मूळ लायसन्स घरी विसरू नकोस. गाडी इटलीत न्यायला परवानगी आहे ना, ते करारात वाच.

आता मुक्काम. व्हिसासाठी तू सगळ्या रात्रींची बुकिंग दाखवलीच असशील. त्यातली पहिली, शेवटची आणि शनिवारची रात्र पक्की ठेव. मधल्या रात्री रद्द करता येतील अशा घे, म्हणजे एखादं गाव आवडलं तर राहता येतं. आणि बुकिंग असो वा नसो, साडेचारला गाडी थांबवायची. कॉफी घ्यायची आणि आज कुठे झोपायचं ते त्या खुर्चीत बसून ठरवायचं. चाकावर हात असताना नाही. बुकिंग असेल तर तिथून फोन करायचा: ‘मी इतक्या वाजता येते, किल्ली कुठे मिळेल?’ तिकडची लहान घरगुती लॉजेस रात्रभर कुणी जागवत नाही. सातनंतर दार बंद, किल्ली पाकिटात किंवा बाहेरच्या, नंबर लावून उघडायच्या पेटीत. तो नंबर ईमेलमध्ये असतो, आणि ईमेल उघडायला नेमकी त्याच दरीत रेंज नसते. लिहून ठेव, कागदावर.

बुकिंग नसेल तर साउथ टायरॉलसारखा, म्हणजे बोल्झानोभोवतालच्या या भागासारखा, मुलूख नाही. १९१८पर्यंत हा भाग ऑस्ट्रियाकडे होता, महायुद्धानंतर इटलीकडे गेला. म्हणून पाट्यांवर ब्रिक्सन आणि ब्रेसानोने अशी दोन्ही नावं असतात, आणि घराबाहेर ‘त्सिमर फ्राय’, म्हणजे खोली मिळेल, ही जर्मन पाटीही. ‘बेलेग्ट’ असेल तर भरलेलं. बेल वाजव, खोली बघायला माग. बघून नको म्हटलं तर कुणी रागावत नाही. मी बघते ते दाराची आतली कडी आणि गाडी कुठे लागेल ते. नाश्ता धरून भाव आहे का विचार. पर्यटन कर माणशी, रात्रीमागे, बहुधा वेगळा पडतो. शहराच्या जुन्या भागातली खोली स्वस्त मिळाली तरी थबक. इटलीतल्या गावांत पांढऱ्या वर्तुळाला लाल कडा असलेली, ‘झोना त्राफिको लिमितातो’ लिहिलेली पाटी असते. तिच्या आत परवानगीशिवाय शिरलीस तर कॅमेरा फोटो काढतो आणि दंड तू पुण्यात परतल्यावर, काही महिन्यांनी येतो. हॉटेल आतच असेल तर ते गाडीचा नंबर कळवू शकतात का, आधी विचार.

जेवण लवकर उरक. गावातलं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. तू शाकाहारी, तर ‘श्लुत्सक्राप्फन’ माग. पालक आणि पनीरसारख्या चीजचं सारण, आकार हुबेहूब करंजीचा, वर वितळलेलं लोणी. रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद, म्हणून डिकीत पाव आणि चीज असू दे. आईनं दिलेल्या दशम्या पहिल्याच दिवशी संपवू नकोस.

खोलीत शिरलीस की आधी तिला मेसेज, मग मला. डोंगराचे फोटो उद्या पाठव, आज फक्त गावाचं नाव आणि खोलीचा नंबर.

तुझी,
मावशी