केनियाला निघण्याआधी

अरे, बॅग नंतर भर, आधी पीतज्वराची (यलो फीवरची) लस घे. निघण्याच्या किमान 10 दिवस आधी. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळेल, ते जिवापाड जप. परतताना नसेल तर मुंबईत उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नकोस, 2017 पासून तिथे बंदी आहे.

आणि ‘आपण तिथल्या मुलांना फुटबॉल शिकवायला चाललोय’ हे डोक्यातून काढ. नैरोबीच्या मथारे वस्तीत 1987 पासून मुलांची फुटबॉल संघटना आहे. वस्ती साफ केली की संघाला लीगमध्ये गुण! सुचलं असतं का आपल्याला? पहिल्या खेपेला मी भलंमोठं वेळापत्रक नेलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते घडी करून खिशात घातलं आणि गोलमागे चेंडू आणायला उभा राहिलो.