भेगेतलं मुठेल, केसांतलं जवस

प्रश्न : ताई, भीमथडी जत्रेत बचत गटाच्या बाईंकडून कोकमच्या तेलाचा गोळा घेतला. अगदी टणक आहे. हे तेल लावायचं तरी कसं? केसांना चालेल का? (एक वाचक, कोथरूड)

फार चांगली वस्तू घेतलीत. आमच्या कोकणात याला मुठेल म्हणतात. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडले की सालांची आमसुलं होतात आणि बिया अंगणात वाळत पडतात. पुढे सवडीनं बिया फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि पाण्यात रटरट शिजवायचा. तेल वर येतं. गार झालं की साय काढावी तसं ते काढून मुठीत दाबून गोळे वळतात. माझी मावशी गोळा नाकाशी नेऊन मगच डब्यात टाकायची. ताज्या मुठेलाला वास जवळपास नसतोच. खवट वास आला तर तो गोळा अंगाला लावू नका.

हे तेल साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं आणि आपली कातडी त्याहून गार असते. त्यामुळे नुसतं चोळून ते पटकन मुरत नाही, पुण्याच्या डिसेंबरात तर नाहीच. टाचांच्या भेगांसाठी हे उत्तम. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवा, टाचा घासा, नीट कोरड्या करा. पळीत बोराएवढा तुकडा घेऊन मंद आचेवर वितळवा, खाली उतरवून कोमट होऊ द्या. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघा. सोसवतो ना? मग कापसाच्या बोळ्यानं भेगेत सोडा. बघता बघता ते भेगेतच पांढुरकं होऊन गोठतं आणि भेग बुजते. वर सुती मोजे घालून झोपा. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्या पायाला मात्र हे वितळवून लावू नका. पायाला चटका बसलेला त्यांना कळेलच असं नाही. त्यांच्या टाचांना तळहातावर चोळून मऊ केलेलंच लावा आणि भेगेतून रक्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

ओठांना, कोपरांना जरूर लावा. केसांना नको, तिथे ते थिजून बसतं.

प्रश्न : मुलीचे केस कोरडे आहेत. तिला मोरोक्कोचं आर्गन तेल हवंय. एवढे पैसे घालावेत का? (एक आई, हडपसर)

आर्गन तेल खोटं नाही. मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला ही झाडं आहेत. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या हातानं दगडावर बिया फोडून तेल काढत आल्या. युनेस्कोनं 2014 मध्ये त्यांच्या या कसबाची वारसा म्हणून नोंद घेतली. त्या कष्टांची किंमत असणारच, आणि ती असावी. पण त्या तेलाची घडण आपल्या तीळ-शेंगदाण्याच्या तेलाशी बरीच मिळतीजुळती आहे. केसांवर ते चकाकी आणतं, गुंता सोडवतं. तेवढ्यासाठी दोन-चार थेंब पुरतात.

केस तुटत असतील तर खोबरेल. हे मी जुन्या सवयीनं सांगत नाही. मुंबईच्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना आणि विंचरताना केसांतलं प्रथिन कमी होतं. ते राखण्यात तिघांत खोबरेलच कामाला आलं, कारण त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्यानं केसाच्या आत शिरतो. म्हणून न्हाण्याच्या आधी लावायचं. मुलीला म्हणावं, आर्गनची छोटी बाटली हौसेनं घे, पण न्हाण्याआधीचं खोबरेल सोडू नकोस.

प्रश्न : कोंड्यावर करंजेल लावू का?

नको. कोंड्यामागची बुरशी डोक्यावरच्या तेलकटपणावरच जगते. तेल लावलं की खपल्या चिकटून दिसेनाशा होतात एवढंच. डॉक्टरांना विचारून बुरशीवरचा शाम्पू आणा. करंजेल साबणाच्या पाण्यात मिसळून मावा पडलेल्या जास्वंदीवर फवारा, तिथे ते छान काम करतं.

प्रश्न : ओमेगा-3 असतं म्हणून आठवडाभर जवसाचं तेल केसांना लावलं. केस चिकट झालेत, उशीचे अभ्रे वास मारतात. काय चुकलं? (एक वाचक, धनकवडी)

तेल वाईट नाही, जागा चुकली. जवसाचं तेल हवा लागली की घट्ट होत जातं. म्हणून तर चित्रकार ते रंगात घालतात, सुतार लाकडावर चोळतात. आधी केसांना भरपूर खोबरेल चोळून अर्धा तास थांबा, मग दोनदा शाम्पू करा. अभ्रे आणि तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल प्यायलेलं कापड गोळा करून ठेवलं तर आतल्या आत तापून पेटूही शकतं. गरम पाण्यात साबण घालून लगेच भिजवा.

जवस केसांना लावायचाच असेल तर बिया शिजवा. दोन चमचे जवस दीड कप पाण्यात उकळा. चमच्यावरून तार सुटू लागली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. गार झाल्यावर फडक्यातून उतरणारच नाही. ओल्या कुरळ्या केसांना हे जेल सुंदर बसतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. उरलेल्या जवसाची चटणी करा. ओमेगा-3 हवं असेल तर ते पोटात जायला हवं.

प्रश्न : भावाच्या डोक्यात चाई पडली आहे. गावाकडून बिब्ब्याचं तेल लावायला सांगितलंय. (एक बहीण, येरवडा)

कृपा करून लावू नका. बिब्बा उतला की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, चेहरा सुजतो, डाग राहतात. परीट कपड्यांवर न जाणारी खूण करायचे ती याच रसानं. आतली गोडंबी लोक खातात, म्हणून बिब्बा सौम्य असेल असं वाटतं. पण रस कवचात असतो आणि तोच जाळतो. चाईमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. पुष्कळांचे लहान चट्टे आपोआप भरतात आणि तेव्हा शेवटचं लावलेलं तेल गुणाचं ठरतं. चट्टे वाढत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे यावर इंजेक्शनं आणि औषधं आहेत. या आठवड्यातच भावाला घेऊन जा, आणि कुणी आधीच बिब्बा लावला असेल तर आजच.