किडनी ट्रान्सप्लांटनंतर प्लेटलेट कमी झाल्या, मग डॉक्टर गुठळ्यांचं का बोलताहेत?

तुम्ही लिहिलंय की भावाला आईची किडनी बसवून दोन महिने झाले, शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड सुरू आहे. ताप नाही, पण प्लेटलेट ७० हजारांवर आल्या, हिमोग्लोबिन उतरलं, किडनीचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन १.३ वरून २.४ झालं. डॉक्टरांना टॅक्रोलिमसमुळे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत असल्याची शंका आहे. प्लेटलेट कमी असताना गुठळ्या कशा, आणि गोळी बंद करावी का, हे तुमचे प्रश्न.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा रुग्णांच्या रक्ताच्या काचा (स्लाइड) आणि बायॉप्सी, म्हणजे किडनीचे काढलेले बारीक तुकडे, रोज बघते.

गोळी स्वतःहून बंद करू नका, हे आधी सांगते. टॅक्रोलिमस अचानक थांबलं तर शरीर नवी किडनी नाकारू शकतं.

आता प्लेटलेटचं. प्लेटलेट या गुठळ्यांमध्येच खर्ची पडतात, म्हणून रक्तात कमी दिसतात. टॅक्रोलिमस आणि त्याच्या आधीपासून वापरात असलेलं सायक्लोस्पोरिन, दोन्ही काही रुग्णांत रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतात. प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणारं प्रोस्टासायक्लिन तिथे कमी तयार होतं, वाहिनी आकसते आणि प्लेटलेट साचू लागतात. त्या चिंचोळ्या वाटेतून जाताना तांबड्या पेशी चिरल्या जातात. काचेवर त्यांचे हेल्मेटसारखे, त्रिकोणी तुकडे दिसतात. हिमोग्लोबिन उतरतं ते यामुळे. याला थ्रॉम्बॉटिक मायक्रोअँजिओपॅथी, थोडक्यात टीएमए म्हणतात. पायाच्या शिरेत होणारी मोठी गुठळी वेगळी, त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी हा यावरचा मुख्य इलाज नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात प्लेटलेट घटल्या की डेंग्यूच आठवतो आणि घरचे पपईच्या पानांचा रस काढायला घेतात. भावाला तो देऊ नका. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी नाजूक असते, बाहेरच्या कुठल्याही काढ्याचा धोका आत्ता नको. पपनससुद्धा नको, ते ग्रेपफ्रूटच्या कुळातलं असून पातळी वाढवतं. प्लेटलेटच्या पिशव्यांसाठीही धावपळ करू नका. रक्तस्राव नसेल तर टीएमएमध्ये त्या शक्यतो टाळतात.

डॉक्टरांना विचारा: काच मशीनवर न सोडता पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिली का? एलडीएच आणि हॅप्टोग्लोबिन या रक्ततपासण्या झाल्या का? पेशी फुटत असतील तर एलडीएच वाढतं, हॅप्टोग्लोबिन घटतं. बायॉप्सी सुचवली तर घाबरून नकार देऊ नका, हे कळकळीने सांगते. अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन, काही विषाणूंचे संसर्ग किंवा कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांच्या यंत्रणेतला जन्मजात दोष यांनीही हेच चित्र दिसतं आणि प्रत्येकाचा उपचार निराळा. कधीकधी तर रक्त जवळपास नॉर्मल असतं आणि गुठळ्या फक्त किडनीतच सापडतात.

औषधच कारण ठरलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. पर्यायांपैकी सिरोलिमसनेही टीएमए होऊ शकतो, म्हणून ती निवड विचारपूर्वक होते. काहींना प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला द्रवभाग बदलणं, लागतो. कॉम्प्लिमेंटचा दोष निघाला तर ती यंत्रणा रोखणारं एक्युलिझुमॅब हे औषध आहे, पण ते फार महाग आहे.

टॅक्रोलिमसची पातळी मर्यादेत आली म्हणून टीएमए नाही, असं समजू नका. मर्यादेत असतानाही तो होतो. आणि त्या तपासणीचं रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं असतं. भावाने गोळी घेऊन रक्त दिलं असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना तसं सांगा, नाहीतर चुकीच्या आकड्यावर डोस ठरेल.