लिगंड : बांधणारा की बांधला जाणारा?

प्रश्न असा आला आहे : "खताच्या पुडीवर 'चिलेटेड झिंक' लिहिलेलं असतं. मुलीच्या बारावीच्या रसायनशास्त्रात 'लिगंड' आहे. एका हिंदी पुस्तकात त्याला 'संलग्नी' म्हटलेलं पाहिलं. मराठीत 'बंधक' म्हटलं तर चालेल का? आणि या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?"

संबंध आहे. 'लिगंड' म्हणजे धातूला धरून राहणारा रेणू, आणि 'चिलेटेड' म्हणजे अशा रेणूने पकडलेला धातू. 'बंधक' चालेलही, पण व्याकरण काढून बसलं तर तो नेमका उलटा शब्द आहे.

'लिगंड' हा शब्द आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1916 मध्ये सिलिकॉनच्या संयुगांबद्दल बोलताना वापरला. मूळ लॅटिन धातू 'लिगारे', म्हणजे बांधणे. सांध्यातल्या 'लिगामेंट'मध्येही तोच आहे. 'लग', 'लग्न', 'संलग्न' यांच्याशी त्याचा उच्चार जुळतो, म्हणून लगेच नातं जोडायचा मोह होतो. तो आवरावा, हे धातू वेगळे.

खरी गंमत शेवटच्या 'अंड'मध्ये आहे. लॅटिनमध्ये या प्रत्ययाने 'जे करायचं आहे ते' असा अर्थ येतो. आपल्याकडे हे काम '-य' आणि '-अनीय' करतात. शाळेतला भागाकार आठवा. ज्याला भागायचं तो भाज्य, जो भागतो तो भाजक. इंग्रजीतला 'डिव्हिडेंड' म्हणजे हाच भाज्य, आणि 'मल्टिप्लिकँड' म्हणजे गुण्य. त्याच चालीवर लिगंड म्हणजे 'बांधायची वस्तू', संस्कृत वळणाने 'बध्य'. 'बंधक' हा भाजक-गुणकांच्या पंगतीतला, म्हणजे बांधणारा. (तरी 'बध्य' सुचवायला माझी जीभ वळत नाही. ऐकणाऱ्याला 'वध्य' ऐकू येईल आणि बिचाऱ्या रेणूवर भलताच प्रसंग ओढवेल.)

मग रसायनशास्त्रात कोण कोणाला बांधतं? मधे लोह-जस्तासारख्या धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू असतो, भोवती लिगंड. लिगंड आपल्याकडची इलेक्ट्रॉनांची जोडी पुढे करतो, धातू ती घेतो आणि बंध तयार होतो. 'गाय दाव्याने बांधली' आणि 'गाईला दावं बांधलं', मराठीत दोन्ही बरोबर आहेत आणि गोठ्यात काही फरक पडत नाही. इथेही तसंच. धातूकडून पाहिलं तर लिगंड त्याला बांधलेला आहे, लिगंडाकडून पाहिलं तर धातू त्याच्या पकडीत आहे. म्हणून 'बंधक' मी चूक ठरवणार नाही. मात्र हिंदी बातम्या ऐकणाऱ्याला त्यात ओलीस धरलेला माणूस दिसतो, ही अडचण उरतेच.

'चिलेट' हा याच घराण्यातला. 1920 मध्ये मॉर्गन आणि ड्रू या रसायनशास्त्रज्ञांनी तो घडवला, ग्रीक 'खेले'वरून, म्हणजे खेकड्याची नांगी. कोकणात डेंगा म्हणतात तो. एकच रेणू दोन किंवा जास्त ठिकाणी धातूला धरतो तेव्हा त्या पकडीला हे नाव. मूळ ग्रीक असल्यामुळे इंग्रजीत उच्चार 'की'ने होतो, 'केमिस्ट्री'तल्यासारखा. पण पुडीवर 'चिलेटेड' छापून आलं आणि शिवारभर तेच रुळलं. आता कृषी केंद्रात जाऊन 'कीलेटेड' मागितलं तर दुकानदार आपल्याकडेच बघत राहील.

पुडीवर बहुधा 'झिंक ईडीटीए 12 टक्के' असं असतं. ईडीटीए हे अशाच एका लिगंडाचं नाव, त्याचा एक रेणू धातूला सहा ठिकाणी धरतो. या 'ठिकाणां'ना रसायनशास्त्रात दात म्हणतात. 'हेक्साडेंटेट' या संज्ञेतला हा लॅटिन दात आणि आपला 'दंत' मात्र खरेखुरे सख्खे, म्हणून ईडीटीए 'षड्दंती' हे भाषांतर फार सुरेख बसतं. अमोनियाला एकच दात, म्हणजे तो आपोआप एकदंत!

ही पकड शेतात कशाला लागते? चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण न विरघळणाऱ्या रूपात अडकलेलं. उसाची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, त्याला शेतकरी 'केवडा' म्हणतात. लिगंडाने लोह धरून ठेवलं की ते विरघळलेलं राहतं आणि मुळांना मिळतं. पण सगळ्याच नांग्या सारख्या नसतात. अशा जमिनीत ईडीटीए लोह सोडून कॅल्शियमला जाऊन चिकटतो, म्हणून तो फवारणीतून देणं बरं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए हा जास्त घट्ट धरणारा भाऊबंद लागतो.

जीवशास्त्रात शब्द थोडा सरकला आहे. तिथे प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसणाऱ्या कुठल्याही रेणूला लिगंड म्हणतात, धातू असो वा नसो. अॅड्रेनालिन तसाच. रक्तातला ऑक्सिजन मात्र दोन्ही अर्थांनी लिगंड : हिमोग्लोबिन या प्रथिनाचाही आणि त्यातल्या लोहाचाही.

शब्द देणाऱ्या स्टॉकची एक गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफांनी त्याला वर्षानुवर्षं विषबाधा होत होती. कारण कळल्यावर 1926 मध्ये त्याने इतरांना सावध करणारा लेख लिहिला. पुढे पाऱ्याच्या विषबाधेवर जी औषधं आली, ती धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी. म्हणजे लिगंडच.

तर माझं मत : 'लिगंड'च ठेवा, पण मराठी करून ठेवा. तो लिगंड, सहा लिगंड, आणि विभक्ती लावताना 'लिगंडला' नव्हे, 'लिगंडाला'. पहिल्यांदा येईल तिथे 'धातूला धरणारा रेणू' एवढं जोडलं की पुरे. 'संलग्नी'त अर्थ ठीक आहे, पण मराठी कानाला ती संलग्न महाविद्यालयाची कोणी नातेवाईक वाटते.