‘संवेदना’, ‘संवेदी’ आणि मेंदूतले ‘परिपथ’

एका वाचकाने विचारले आहे की, मेंदूविज्ञानाच्या एका प्राध्यापकांच्या संशोधनाचा परिचय लिहिताना ‘तंत्रिका सर्किट आणि संवेदनांचे प्रसंस्करण’ ही शब्दयोजना मराठीत चालेल का?

‘तंत्रिका’ आणि ‘प्रसंस्करण’ हे हिंदीतले पारिभाषिक शब्द आहेत. आपल्याकडे ‘चेता’, ‘चेतापेशी’ आणि ‘प्रक्रिया’ हे शब्द पाठ्यपुस्तकांमुळे रुळलेले असताना त्यांची गरज नाही. (‘मज्जातंतू’ बोलण्यात टिकून आहे, परंतु मज्जा म्हणजे मुळात हाडांच्या पोकळीतला मगज, म्हणून शास्त्रीय लेखनात ‘चेता’ अधिक नेमका.)

खरी अडचण ‘संवेदना’ या शब्दाची आहे. शोकाच्या प्रसंगी आपण संवेदना व्यक्त करतो आणि दुसऱ्याचे दुःख ज्याला भिडते त्याला संवेदनशील म्हणतो, त्यामुळे ‘संवेदनांवरील प्रक्रिया’ म्हटले की हा भावनांचा अभ्यास असावा असे वाचकाला वाटू शकते. शिवाय संवेदना म्हणजे होणारी जाणीव, आणि तिच्याआधीच बरेच काम झालेले असते. माणसाच्या एका डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे 12 कोटी पेशी असतात, पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेत तंतू असतात जेमतेम 10 लाख; म्हणजे निवड आणि गोळाबेरीज डोळ्यातच सुरू होते. प्रक्रिया होते ती ज्ञानेंद्रियांनी टिपलेल्या माहितीवर. म्हणून ‘संवेदी माहितीवरील प्रक्रिया’ असे लिहावे. ‘संवेदी चेतापेशी’ ही संज्ञा शाळेपासून परिचित असल्याने हे विशेषण कोणालाही अडणार नाही.

‘सर्किट’साठी ‘मंडल’ आणि ‘परिपथ’ असे दोन्ही शब्द आढळतात. मंडल म्हटले की समूह किंवा संस्था डोळ्यांसमोर येते, तर ‘परिपथ’मध्ये फिरून परत येणारी वाट आहे, आणि मेंदूच्या बाबतीत हा अर्थ फार सुरेख जुळतो. डोळ्याकडून आलेले संदेश मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या भागातल्या एका केंद्रामार्गे मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात जातात, पण त्या केंद्रातील चेतापेशींवर दृष्टिपटलाकडून आलेले जोड सुमारे 5 ते 10 टक्केच असतात. उरलेल्यांपैकी पुष्कळसे बाह्यकाकडून उलट आलेले असतात. विजेच्या परिपथाशी असलेले साम्य मात्र फार ताणू नये, कारण दोन चेतापेशींमध्ये बहुतेक ठिकाणी सूक्ष्म फट असते आणि तिच्यातून संदेश रसायनांच्या रूपाने पलीकडे जातो. तेव्हा नुसते ‘परिपथ’ न लिहिता पहिल्या उल्लेखात तरी ‘चेतापेशींचे परिपथ’ असे लिहावे.